वीस खाती, एकच मोबाइल नंबर

प्रश्न : वीटभट्टीच्या मजुरांची वीस खाती उघडायला मुकादम आला. सगळ्यांना नंबर त्याचाच. बँकेत आम्ही काय करावं?

उत्तर : नंबर तिथेच अडवा. ओटीपी आणि कार्ड त्याच्या हाती गेलं की मजुरी मजुराच्या खात्यात जमा होते आणि काढतो मुकादम. प्रत्येकाला एकट्याने काउंटरवर बोलवा, त्याच्या भाषेत विचारा : कार्ड कोणाकडे राहणार? उचल किती घेतली, किती फिटली? जुन्या खात्यांत पगाराच्या दिवशीच एकाच एटीएममधून लागोपाठ रकमा निघतात का, तेही तपासा. संशय पक्का झाला तर प्रिन्सिपल ऑफिसरला (संशयास्पद व्यवहार कळवण्यासाठी नेमलेला बँकेचाच अधिकारी) लेखी कळवा. त्यांच्याकडून अहवाल एफआययूला, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाला जातो. मुकादमाला सुगावा लागू देऊ नका, मजूर रातोरात हलवले जातात. वेठबिगारीची तक्रार १९७६ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे; मूल राबताना दिसलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर. मात्र आदेशाशिवाय खाती गोठवू नका, अडकते ती मजुराचीच कमाई.