साप धरायला निघालास, आधी हे ऐक

भाऊ, धामण गाईचं दूध पिते हे तुला गावोगावी ऐकवतील. तिला सड चोखताच येत नाही, ते सोड. जीव जातो मण्यारीबद्दलच्या गैरसमजानं. वावरातल्या झोपडीत भुईवर झोपलेल्याला ती रात्री चावते. खूण दिसत नाही, सूज नाही, म्हणून माणूस परत झोपतो. पहाटे पापण्या मिटायला लागतात, जीभ अडखळते, मग श्वास. तू खूण शोधत बसू नको. दोरी नाही, ब्लेड नाही, मांत्रिक तर नाहीच. हातपाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना. साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही. तिथलं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चालतं. साप मारायच्या धावपळीत तो दुसऱ्याला चावलेला मी पाहिलंय.