टचलाइनपलीकडची नोकरी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बी.कॉम. झाल्यापासून पणजीतल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. खेळलो ते शाळेपुरतंच. क्लबात किंवा स्पर्धांच्या आयोजनात शिरता येईल का? घरचे म्हणतात, गोव्यात खेळावर पोट भरत नाही. (फोंडा)

घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. 2016 साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन फुटबॉल क्लबांनी आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेतून अंग काढून घेतलं, ते त्यांनी पाहिलेलं असणार. अलीकडचं म्हणाल तर जुलै 2025 मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेचा पुढचा हंगामच लटकला आणि देशभरातल्या क्लबांचे कर्मचारी हातावर हात धरून बसले. तेव्हा एकाच लीगच्या भरवशावर हॉटेलची नोकरी सोडू नका.

उरलेलं अर्धं मात्र तुमच्या बाजूचं आहे. स्पर्धा गोव्यात येतच असतात. 2014 मध्ये पोर्तुगीज भाषेशी नातं असलेल्या देशांच्या लुसोफोनिया क्रीडा स्पर्धा, 2017 मध्ये सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे मडगावच्या फातोर्डा मैदानावरचे सामने, 2023 मध्ये 26 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर 37व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, 2025 मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक. कोविडच्या काळात तर आयएसएलचा 2020-21चा अख्खा हंगाम फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान या तीन मैदानांवर झाला. अकरा संघ महिनोन् महिने इथल्या हॉटेलांत मुक्कामाला होते. रात्री साडेनऊला सामना संपवून आलेल्या तीस-पस्तीस माणसांचं जेवण, कपडे धुणं, कोणाची खोली कोणाशेजारी आणि बस कधी लावायची, हे सगळं कोणीतरी सांभाळतच होतं. हे तुमच्याच खात्याचं काम! संघाचा टीम मॅनेजर किंवा आयोजकांचा लायझन ऑफिसर दिवसभर हेच करत असतो.

म्हणून सुरुवात आहात तिथूनच करा. हॉटेलात एखादा संघ उतरणार असला की ते बुकिंग स्वतःहून मागून घ्या. दोन-तीन संघ नीट सांभाळलेत की आयोजक तुमचा नंबर जपून ठेवतात. बायोडाटात ‘खेळाची प्रचंड आवड’ असं लिहू नका. ती सगळ्यांनाच असते. किती जणांचा चमू होता, किती दिवस होता आणि तुमच्याकडे नेमकं काय होतं, ते लिहा.

प्रश्न : मी स्पर्धा भरवणाऱ्या एका एजन्सीत व्हेन्यू असिस्टंट आहे. धावपळ सगळी माझी, नाव सुपरवायझरचं. बढतीचा विषय काढला की ‘लीडरशिप दाखव’ म्हणतात. म्हणजे नेमकं काय करू? (म्हापसा)

‘लीडरशिप दाखव’ म्हणून मोकळं होणं हा वरिष्ठांचा आळस आहे, हे आधी सांगून टाकतो. काय दाखवायचं ते त्यांनी सांगायला हवं. पण ते सांगेपर्यंत तुम्ही थांबायचं कारण नाही.

सामन्याच्या दिवशी भिंतीवर काउंटडाउन शीट लावलेला असतो. गेट कधी उघडायचं, वॉर्म-अप कधी, संघ मैदानात उतरायच्या बोगद्यात कधी उभे राहायचे, सगळं मिनिटामिनिटाने लिहिलेलं. समजा, फातोर्ड्याला साडेसातचा किक-ऑफ आहे. मैदानावर ॲम्ब्युलन्स पोचल्याशिवाय सामना सुरू होत नाही, आणि सव्वापाचला ड्रायव्हरचा फोन येतो की कुठ्ठाळीला वाहतूक तुंबली आहे. बहुतेक असिस्टंट इथे ‘येईल हो’ म्हणून गप्प बसतात आणि सातला बोंबाबोंब होते. तुम्ही सव्वापाचलाच सुपरवायझरला गाठा आणि तीन वाक्यांत सांगा : गाडी अडकली आहे, मडगावातून दुसरी मिळते का ते विचारलंय, पावणेसहापर्यंत उत्तर आलं नाही तर मॅच कमिशनरना (सामन्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) तुम्ही कळवावं. वाईट बातमी लवकर आणि उपायासकट आणणारा माणूस कोणालाही हवा असतो. ज्याच्याकडून ती उशिरा कळते, त्याच्याकडे दुसऱ्यांदा काही सोपवायचा धीर होत नाही.

आणखी एक काम कोणाच्याच यादीत नसतं, ते उचला. सामना संपला की सगळे घरी पळतात. तुम्ही त्याच रात्री अर्ध्या पानाचं टिपण करा. कुठल्या गेटवर स्कॅनर बंद पडला, बॉल-बॉइजना पाणी मिळालं का, पत्रकारांच्या खोलीत चार्जिंगचे पॉइंट पुरले का. ते सुपरवायझरलाच पाठवा, त्यांना डावलून वर नको. पुढच्या सामन्याच्या बैठकीत तेच टिपण टेबलावर येतं आणि कोणी लिहिलं ते आपोआप कळतं. तीन-चार सामने होऊनही सुपरवायझर तुमचं नाव घेत नसतील, तर दुसरी एजन्सी शोधा. गोवा लहान आहे, चांगल्या व्हेन्यूच्या माणसाची खबर फार दिवस लपत नाही. (वाईट माणसाची तर एका दिवसात पसरते.)

प्रश्न : मुलाला स्पोर्ट्स मॅनेजमेंट करायचंय. लाखांत फी आहे. घालावेत का पैसे? (डिचोली)

फी भरण्याआधी संस्थेला एवढंच विचारा : मागच्या तुकडीतली मुलं इंटर्नशिपला कुठे गेली आणि त्यातली किती तिथेच टिकली? उत्तरात नुसते मोठ्या क्लबांचे लोगो दाखवले तर परत फिरा. त्याला प्रशिक्षक व्हायचं असेल तर वाटच वेगळी आहे. पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम, किंवा फुटबॉल असेल तर डी लायसन्सपासून सी, बी, ए अशी पायरी. तिथे मॅनेजमेंटची पदवी कामाची नाही.

प्रश्न : मी जलतरण प्रशिक्षक. यंदा मला मुख्य प्रशिक्षक केलं. हाताखालचे दोघे माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, त्यातले एक तर माझेच गुरू. मी काही सांगितलं की ‘करूया गो बाय’ म्हणून हसतात आणि आपल्याच पद्धतीने करतात. (पणजी)

‘बाय’ म्हणतात त्यात वाईट वाटून घेऊ नका, आपल्याकडे ते मायेनंच म्हणतात. दुखतं ते ‘करूया’. तो होकार नव्हे, टोलवाटोलवी आहे.

दोघांना एकत्र बसवून भाषण देऊ नका. तुमचे गुरू असलेल्या सरांना आधी एकटं भेटा, चहावर. त्यांच्याकडे एक अख्खा विभाग सोपवा, स्टार्ट आणि टर्न म्हणा किंवा नव्या मुलांची तुकडी. आणि त्यात खरंच ढवळाढवळ करू नका. मात्र दोन गोष्टी तुमच्याच हातात ठेवा : आठवड्याचं वेळापत्रक आणि सुरक्षिततेचे नियम. काठावर एक प्रशिक्षक उभा असल्याशिवाय मुलं पाण्यात उतरणार नाहीत, हे ‘सर, कसं वाटतं?’ असं विचारायचं नसतं. ते लेखी काढा, सही घ्या आणि भिंतीवर लावा. नियम पहिल्यांदा मोडला गेला की त्याच दिवशी बोला, पालकांसमोर किंवा मुलांसमोर नव्हे, तर ऑफिसात दार लावून. तिथेही ‘सर’च म्हणा, पण नियम मागे घेऊ नका. दुसऱ्यांदा झालं तर संस्थेच्या सचिवांना लेखी कळवा आणि तसं कळवत आहात हे सरांना आधी सांगा.