वाचकांचे प्रश्न : विश्वचषक गेल्यावर शहरात काय उरते?

प्रश्न : 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि आपल्या मुलींनी तो जिंकला. माझी अकरा वर्षांची मुलगी त्या रात्रीपासून क्रिकेट शिकण्याचा हट्ट धरून बसली आहे. आम्ही स्टेडियमपासून चालत पंधरा मिनिटांवर राहतो. तरीही तिला रोज खेळायला न्यावे अशी जागा आम्हाला सापडत नाही. अशा स्पर्धांचा यजमान शहराला दीर्घकाळ लाभ होतो, असे नेहमी वाचतो. आमच्यासारख्या रहिवाशांसाठी तो लाभ नेमका कोणता?
– एक पालक, नेरूळ

उत्तर : आपल्या पत्रातील ‘चालत पंधरा मिनिटांवर’ या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबलो, कारण स्पर्धेचा शहराला किती उपयोग झाला हे मोजण्याचे तेच खरे माप आहे. त्या रात्रीचा आनंद मी कमी लेखत नाही. पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झालेला सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपला, दक्षिण आफ्रिकेवर 52 धावांनी विजय मिळाला, आणि ज्या घरांत बॅट फक्त मुलासाठी आणली जाई, त्या घरांतील मुलींनीही तो जागून पाहिला. आपल्या मुलीचा हट्ट ही त्या स्पर्धेची पहिली मिळकत आहे. मात्र हट्टाला जागा मिळाली नाही, तर तो काही महिन्यांत विरून जातो.

आधी स्टेडियमविषयी. ते 2008 साली एका खासगी शिक्षणसंस्थेने आपल्या आवारात उभारले, त्यामुळे ते बांधण्याचे कर्ज शहराच्या करदात्यांच्या डोक्यावर बसले नाही. ही लहान गोष्ट नव्हे. मॉंट्रिऑल शहराला 1976 च्या ऑलिंपिकचे कर्ज फेडता फेडता 2006 साल उजाडले, आणि अथेन्समध्ये 2004 च्या ऑलिंपिकनंतर कित्येक क्रीडागृहे कुलूप लागून ओस पडली. आपण त्या फेऱ्यातून वाचलो. परंतु जे आपल्या पैशाने उभे राहिले नाही, त्याच्या दारात रोजचा हक्कही सांगता येत नाही. म्हणून आपण स्टेडियमचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि सरावाच्या मैदानांची चौकशी करावी, असे मी सुचवेन.

विश्वचषकातील संघ मुख्य मैदानावर सामन्यापुरते येतात. उरलेले दिवस ते सराव करतात, आणि त्यासाठी यजमान शहरात वेगळी मैदाने सज्ज ठेवावी लागतात. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतातील सहा शहरांत झाला, तेव्हा स्पेन आणि माली यांचा उपांत्य सामना नेरूळला खेळला गेला, आणि त्या स्पर्धेच्या निमित्ताने नेरूळचेच यशवंतराव चव्हाण मैदान सरावासाठी तयार करण्यात आले. पुढे 2022 मध्ये महिलांचा आशियाई फुटबॉल चषक आणि सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक या दोन्ही स्पर्धांचे अंतिम सामने नेरूळलाच झाले. त्याच सुमारास खारघरला सिडकोचे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाचे, फुटबॉल केंद्र उभे राहिले. ही मैदाने सार्वजनिक संस्थांची आहेत. तेथे रहिवाशांचा शब्द चालायला हवा.

हिरवळीच्या मैदानाची एक अडचण मात्र समजून घेतली पाहिजे. अधिकारी तीच पुढे करतात आणि ती खोटी नाही. गवताला विश्रांती लागते. रोज दिवसभर खेळ झाला की गोलपोस्टसमोरचे गवत सर्वांत आधी उडते, माती उघडी पडते, पावसाळ्यात तेथे चिखल होतो, आणि मग पुन्हा लावणी, पाणी, रोलर असा खर्च सुरू होतो. म्हणून मैदान नव्याने तयार झाले की त्याला कुंपण येते, कुंपणाला फाटक येते, फाटकाला कुलूप लागते, आणि कालपर्यंत पोरे जेथे स्टंप ठोकून खेळत होती, ती जागा तासावर भाड्याने मिळू लागते. यातून मार्ग निघू शकतो. मुख्य हिरवळीचे तास ठरवून द्यावेत, त्यांतील काही तास जवळच्या शाळांसाठी आणि मुलींसाठी राखावेत, आणि आवारातील एक मातीचा तुकडा सर्वांसाठी दिवसभर मोकळा ठेवावा. हे वेळापत्रक फाटकावर मोठ्या अक्षरांत रंगवलेले असावे, कारण तोंडी नियमांत नेहमी ओळखीच्या माणसालाच जागा मिळते.

आता मुलींविषयी. मी ज्या सार्वजनिक मैदानावर सकाळी फिरायला जातो, तेथे पंधरा-वीस मुली सहा वाजता सरावाला येतात. शेडमागे स्वच्छतागृह आहे. बांधकाम चांगले आहे, लाद्याही बसवलेल्या आहेत. पण त्याची किल्ली दिवसपाळीच्या रखवालदाराकडे असते आणि तो आठ वाजता येतो. त्यामुळे या मुली घरून पाणी न पिता निघतात आणि भरलेली बाटली तशीच पिशवीत ठेवून परत नेतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांतली एक धावता धावता चक्कर येऊन खाली बसली. तिच्या मैत्रिणीने ओढणीने वारा घातला, आणि पाणी पाजू लागली तेव्हाही ती मान हलवत नको म्हणत होती. तेरा-चौदा वर्षांच्या झाल्या की त्यांतल्या काही जणी येईनाशा होतात, आणि मग लोक म्हणतात की मुलींची आवड टिकत नाही. मला हे बोलणे ऐकवत नाही. त्या मुलींची आवड मी रोज पाहतो. एका किल्लीची व्यवस्था होत नाही म्हणून ती वाया जाते. आपण कोठेही चौकशीला जाल, तेव्हा प्रशिक्षकाच्या नावाआधी स्वच्छतागृह किती वाजता उघडते हे विचारा.

स्पर्धेनंतरचा वापर स्पर्धेआधी ठरला नसेल, तर पुढे तो ठरवणे फार जड जाते. लंडनने 2012 च्या जलतरण संकुलाचा आराखडा करतानाच दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकगॅलऱ्या तात्पुरत्या ठेवल्या, ऑलिंपिकनंतर त्या उतरवल्या, आणि 2014 पासून तेथे आसपासचे लोक पोहू लागले. आपल्याकडे घणसोलीत शासकीय क्रीडासंकुलासाठी राखलेल्या वीस एकर जागेची कहाणी याच्या नेमकी उलट आहे. ते संकुल शंभरहून अधिक किलोमीटर दूर, रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात नाणोरे येथे हलवायचे ठरले होते. वास्तुविशारदांची संघटना न्यायालयात गेली, आणि 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ज्या शहराने विश्वचषकांचे सामने भरवले, त्याच शहरात मुलांच्या मैदानासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, याचे मला मनापासून दुःख होते. मात्र नागरिकांनी नेट धरला तर जागा वाचते, हेही त्याच प्रकरणात दिसले.

आपण इतके करावे. महापालिकेच्या क्रीडा विभागाकडे आणि जेथे लागू असेल तेथे सिडकोकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून आपल्या नोडमधील (म्हणजे नेरूळसारख्या उपनगरातील) प्रत्येक सार्वजनिक मैदानाची आरक्षणाची नोंदवही मागवावी : कोणत्या वेळी, कोणाला, किती भाड्याने मैदान दिले गेले आणि किती तास ते रिकामे राहिले. रिकामे तास हाती आले की आपल्यासारख्या आठ-दहा पालकांनी एकत्र अर्ज करून त्यांपैकी निश्चित वेळ मागावी. ‘मैदान द्या’ या मागणीला मोघम उत्तर मिळते; ‘मंगळवारी व गुरुवारी चार ते सहा मैदान रिकामे असते, ते मुलींना द्या’ या मागणीला कारण दाखवल्याशिवाय नाही म्हणता येत नाही.

प्रश्न : माझे सीवूड्सला खाद्यपदार्थांचे छोटे दुकान आहे. मोठ्या सामन्यांमुळे स्थानिक व्यवसाय कायमचा वाढतो का?
– एक दुकानदार

उत्तर : कायमचा वाढत नाही. सामन्याच्या दिवशी स्टेशनपासून स्टेडियमपर्यंतच्या वाटेवर विक्री होते, पण पुष्कळदा तो पैसा नवा नसतो : ज्या कुटुंबाने त्या दिवशी तिकीट आणि खाणे घेतले, ते त्या महिन्यात दुसरीकडचा खर्च आवरते, आणि रस्ते बंद असल्यामुळे नेहमीचे गिऱ्हाईक त्या दिवशी फिरकत नाही. वर्षभराचा धंदा रोज वापरात असलेल्या मैदानाभोवती होतो, कारण तेथे सकाळ-संध्याकाळ मुले येतात, त्यांना सोडायला आलेले पालक थांबतात, नाश्ता होतो, बूट शिवून घेतले जातात. नेरूळच्या पालकांना वर जे सुचवले आहे, त्यात आपल्यासारख्या दुकानदारांचाही फायदा आहे.

प्रश्न : आमच्या गावठाणात दरवर्षी टेनिस बॉल क्रिकेटचे सामने भरतात. 2030 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. एवढ्या लांबच्या स्पर्धेतून आमच्या मंडळाला काही मिळेल का?
– मंडळाचे एक कार्यकर्ते, शिरवणे

उत्तर : त्यातून आपल्याकडे मैदान किंवा इमारत उभी राहील, अशी अपेक्षा धरू नये. परंतु इमारतीइतकीच माणसेही घडावी लागतात. पुण्याचे बालेवाडी क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधले गेले, 2008 मध्ये तेथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, पुढे काही वर्षे आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरली आणि 2022 मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉलचे सामनेही झाले. एकच आवार इतक्या निरनिराळ्या खेळांना पुरे पडायचे, तर मैदानाची निगा, पंचगिरी, गुणलेखन, प्रथमोपचार ही कामे जाणणारी माणसे हाताशी असावी लागतात, आणि ती एका स्पर्धेत मिळालेला अनुभव पुढच्या स्पर्धेत घेऊन जातात.

आपल्या मंडळाकडे याची सुरुवात आधीच झालेली आहे. रात्री दिव्यांखाली चार-चार दिवस सामने चालवणे, खेळपट्टी चोपणे, संघांचे वेळापत्रक सांभाळणे हे काम आगरी-कोळी गावांतील तरुण वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्याला कागदाची जोड मात्र मिळालेली नाही. क्रिकेट संघटना पंचांच्या आणि गुणलेखकांच्या परीक्षा घेतात. पुढच्या हंगामाआधी आपल्यातील दोघांना त्या परीक्षेला आणि दोघांना प्रथमोपचाराच्या वर्गाला बसवा. याच स्पर्धेत मुलींचा एक गटही ठेवा; नेरूळच्या त्या पालकांची मुलगी शिरवण्यापासून काही लांब राहत नाही.