गाडीचा ब्लोअर (केबिनमध्ये हवा फेकणारा पंखा) फक्त चार नंबरच्या स्पीडवरच चालतोय?

भावा, मोटर बदलायची घाई करू नकोस. साध्या नॉबवाल्या गाडीत एक-दोन-तीनवर गप्प आणि चारवर जोरात, म्हणजे बहुतेक रेझिस्टर (करंट अडवून पंख्याचा स्पीड कमी करणारा भाग) गेलाय. चारवर करंट त्याला वगळून थेट मोटरला जातो. रेझिस्टर काढलास की त्याचा कनेक्टर (वायरचा प्लग) निरखून बघ. पिन काळी, प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर तोही बदल, नाहीतर नवा रेझिस्टरही जळेल.

कुठल्याच स्पीडला हलत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) तपास. ते नीट असतील तर नॉब चारवर ठेवून मोटरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोक. फिरली तर बहुतेक कार्बन ब्रश (मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत.

आपल्या सोलापूरच्या धुळीत केबिन फिल्टर लवकर तुंबतो. रेझिस्टर ब्लोअरच्याच वाऱ्याने थंड राहतो आणि फिल्टर तुंबला की वारा कमी होतो, त्यामुळे फिल्टरही बघच. मे महिन्यात एसीलाही हाच पंखा लागतो.