घिया की झेड?

जुनी शौकाची गाडी घ्यायची तर या दोघींपैकी कुठली, असं विचारतोस ना? फोटोंवर भुलू नकोस, मित्रा. फोक्सवॅगन कारमन घिया, 1955 ची जर्मन, म्हणजे फोक्सवॅगनच्याच बीटल या गोलसर छोट्या गाडीला घातलेला देखणा अंगरखा. इंजिन मागं, हवेवर थंड होणारं. रेडिएटरची कटकटच नाही. डॅटसन 240झेड 1969 ची, जपानी. पुढं सहा सिलिंडरचं 2.4 लिटर इंजिन. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना घिया धापा टाकेल, झेड अजून चढ मागेल.

पण खरी मेख पत्र्यात. घियाचे मडगार्ड बोल्टचे नाहीत, वेल्डिंगचे. नाक चेपलं की डेंटिंगवाला लांबूनच हात जोडतो. झेडचा बॅटरीखालचा पत्रा बोटानं दाब, कार्पेट उचलून तळही बघ. मी एकदा लाजेपोटी कार्पेट उचललं नाही; घरी आणल्यावर खालून अंगणातली फरशी दिसली!

तरी पहिलीच जुनी गाडी असेल तर रेडिएटरची कटकट नाही म्हणून घियाच घे. पावसाळ्यात ताडपत्री मात्र गाडीला चिकटवून टाकू नकोस, आत घाम धरतो.