वाचकांचे प्रश्न : शाळेचे दार उघडले, खिडक्यांचे काय?

(ऑक्टोबर २०२१)

कोविडमुळे दीड वर्ष बंद राहिल्यावर २० सप्टेंबर २०२१ पासून मध्य प्रदेशात पहिली ते पाचवीचे वर्गही निम्म्या हजेरीवर सुरू झाले. त्यानंतर इंदूरच्या पालकांची, आजी-आजोबांची आणि शिक्षकांची जी पत्रे आली, त्यांतल्या सात पत्रांना इथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. जुलैत बातमी आली की लहान मुलांच्या शाळा आधी उघडाव्यात. आपल्याकडे मात्र अकरावी-बारावी आधी सुरू झाली आणि चिमुकल्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. मग खरे कोणाचे मानायचे? (एक आई, सुदामा नगर)

ताई, गोंधळ तुमचा नाही. दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरे तुमच्यापर्यंत एकाच प्रश्नाची उत्तरे म्हणून पोहोचली. २० जुलैला आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव म्हणाले की लहान मुलांच्या पेशींवर विषाणूला धरून ठेवणारे एसीई-२ रिसेप्टर कमी असतात, म्हणून प्राथमिक शाळा आधी उघडणे शहाणपणाचे ठरेल. त्याच दमात त्यांनी अटही घातली होती : शिक्षक, बसचालक, शिपाई, सगळ्यांचे लसीकरण झालेले हवे. ही अट फॉरवर्ड केलेल्या मेसेजमध्ये गळून पडली. राज्याने २६ जुलैपासून अकरावी-बारावी सुरू केली ती व्यवहार पाहून. मोठी मुले मास्क सांभाळतात आणि बोर्डाचे वर्ष त्यांचे असते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. फरक का, हे पालकांना कोणी नीट समजावून सांगितले नाही, ही चूक मात्र मोठी आहे.

२० जुलैलाच देशाच्या चौथ्या सीरो सर्वेक्षणाचे, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडे तपासणाऱ्या पाहणीचे, आकडे आले. ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांत प्रतिपिंडे सापडली. म्हणजे शाळा बंद असतानाही निम्म्याहून अधिक मुलांना विषाणू गाठून गेला होता, बहुतेकांना घरातूनच. पण ही ७० जिल्ह्यांची मिळून सरासरी आहे. तिच्यावरून तुमच्या शाळेविषयी काही ठरत नाही, आणि प्रतिपिंडे असणे म्हणजे पुन्हा लागण होणारच नाही असेही नाही.

यापुढे शाळेविषयी सरकारी आदेश हाती आला की आधी तीन गोष्टी बघा : क्रमांक, दिनांक आणि खाली सही कोणाची. राज्याचा आदेश ही कमाल सवलत असते. जिल्ह्याचा क्राइसिस मॅनेजमेंट ग्रुप (कोविडसाठी नेमलेली जिल्हा समिती) आणि कलेक्टर ती आणखी आवळू शकतात. क्रमांक नसलेला, कडा कापलेला फोटो आला तर शाळेकडे पूर्ण प्रत मागा. आणि हिंदी शब्द नीट वाचा. ‘अनिवार्य’ लिहिले असेल तर शाळेला करावेच लागेल. ‘यथासंभव’ लिहिले असेल तर ते झाले नाही म्हणून कोणालाही जाब विचारता येत नाही. खिडक्या, अंतर आणि हवा यांच्यापुढे बहुतेक वेळा हा दुसराच शब्द दिसतो.

प्रश्न : शाळेने फवारणीचे फोटो पाठवले. गेटवर तापमान मोजतात. नातीचे रोज ९४-९५ येते. एवढी काळजी पुरेशी समजायची का? (एक आजोबा, लोकमान्य नगर)

नाही, आजोबा. तो ९४-९५ आकडाच सांगतो की यंत्र मनगटावर किंवा हाताच्या पंजावर धरले जाते. तिथली त्वचा गार असते, म्हणून आकडा नेहमी कमीच येतो आणि ताप असलेले मूलही आत जाते. यंत्र कपाळासमोर, त्यावर लिहिलेल्या अंतरावर (बहुधा ३ ते ५ सेंटीमीटर) धरायचे, घाम पुसून, आणि उन्हातून आलेल्या मुलाला आठ-दहा मिनिटे सावलीत थांबवून. १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर घरी पाठवायचे. हे सगळे बिनचूक केले तरी यंत्र फक्त ताप पकडते. पुष्कळ मुलांना लागण होऊनही ताप येत नाही, आणि सकाळी पॅरासिटामॉल घेतलेल्या मुलाचा ताप चार-सहा तास लपून राहतो.

फवारणीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे : तो पैसा चुकीच्या जागी जातो. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार हवेतून पसरत नाही असे ठासून सांगितले होते. शाळांच्या भिंतींवरची पोस्टरे त्याच काळातली आहेत : हात धुवा, पृष्ठभाग पुसा. ३० एप्रिल २०२१ रोजी त्याच संघटनेने कोंदट जागी हवेतून होणारा प्रसार मान्य केला. २० मे रोजी भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने लिहिले की थेंब दोन मीटरच्या आत पडतात, पण सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खेळती हवा हवी. शास्त्र पुढे गेले, पोस्टर तिथेच राहिले. फवारलेले बाक दुसऱ्या मिनिटाला पुन्हा हाताळले जातात, आणि हवेतल्या कणांवर त्या फवारणीचा काही उपयोग नाही. मुलांच्या अंगावर फवारणी तर कधीच करू नये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच तिला मनाई केली आहे.

प्रश्न : आमची शाळा लहान, निधी बेताचा. वर्गखोली २० बाय २५ फूट, उंची १०. पटावर ४० मुले. निम्मी बोलावली की नियम पाळला गेला ना? आणि हवेसाठी नेमके काय करावे? (शाळा समितीचे एक सदस्य, रामबाग)

आधी हिशेब करू. मुलांमध्ये सहा फूट अंतर ठेवायचे तर २० फूट रुंदीत चार रांगा बसतात. फळा आणि शिक्षक यांच्यासाठी समोर सहा फूट सोडले की उरलेल्या १९ फुटांत चार ओळी. झाली १६ मुले. तुमची निम्मी संख्या २०. म्हणजे ५० टक्क्यांचा नियम पाळूनही सहा फुटांचा मोडतो, कारण टक्का पटावर मोजतात आणि अंतर फरशीवर. पट ६० चा असता तर तीस मुले आली असती आणि तरीही कागद बरोबरच दिसला असता. वरची चार मुले व्हरांड्यात बसवा, किंवा तीन गट करा.

आता हवा. एक अगरबत्ती लावा. दारे-खिडक्या रोजच्यासारख्या ठेवून ती प्रत्येक खिडकीपाशी आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांत धरा. धूर एका बाजूने आत ओढला जाऊन दुसरीकडून बाहेर जायला हवा. कोपऱ्यात तो सरळ वर चढून तिथेच रेंगाळत असेल तर त्या कोपऱ्यात मुले बसवू नका. दीड वर्ष बंद राहिलेल्या खोल्यांत निम्म्या खिडक्या रंगाने चिकटलेल्या किंवा गंजलेल्या निघतात. रोशनदानावर (भिंतीत वर असलेल्या झरोक्यावर) पुठ्ठा ठोकलेला असतो. सुतार आणि लोहार बोलावून आधी हे मोकळे करा. या खर्चाइतका परतावा दुसरा कोणताही खर्च देत नाही.

छताचा पंखा हवा बदलत नाही, आहे तीच ढवळतो. खिडक्या उघड्या असतील तर त्याची मदत होते, बंद असतील तर एकाचा श्वास तो सगळ्यांना वाटतो. हवा बाहेर फेकणारा एग्झॉस्ट पंखा लावायचा असेल तर हिशेब असा : तुमची खोली ५००० घनफूट, म्हणजे साधारण १४२ घनमीटर. तासाला सहा वेळा हवा बदलायची तर ताशी ८५० घनमीटर लागतात. पंख्याच्या पट्टीवर हा आकडा छापलेला असतो. १००० च्या वरचा घ्या, कारण जाळीवर धूळ बसली की तो पुरी हवा ओढत नाही. इथे एक चूक सर्रास होते. पंख्याच्या शेजारची खिडकी उघडी ठेवतात आणि पंखा तिच्यातूनच हवा ओढून बाहेर टाकतो, बाकी खोली तशीच कोंदट राहते. पंख्याजवळची खिडकी बंद, समोरच्या भिंतीची उघडी, असे ठेवा.

आपल्याकडचा खिडकीतला डेझर्ट कूलर बाहेरची हवा आत आणतो, म्हणून तो एसीपेक्षा कितीतरी बरा. फक्त समोर हवेला बाहेर पडायला वाट हवी. स्प्लिट एसी ताजी हवा आणतच नाही.

चार शाळांनी मिळून एक कार्बन डायऑक्साइड मीटर घेतला तर फार उत्तम. ‘एनडीआयआर’ (इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणाऱ्या) सेन्सरचाच घ्या. स्वस्तातले काही मीटर वायू मोजत नाहीत, अंदाज लावतात, आणि कोणी सॅनिटायझर चोळले की आकडा उसळतो. आधी मैदानात धरून बघा, ४०० ते ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) यायला हवे. वर्गात तो बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा. खिडकीपासून आणि कोणाच्याही तोंडापासून दूर. तास सुरू होऊन अर्धा तास झाला की वाचा. ८०० च्या आत असेल तर ठीक. आपण सोडलेल्या श्वासात हा वायू सुमारे ४०,००० पीपीएम असतो, त्यामुळे ८०० चा अर्थ असा की वर्गातली शंभरातला एक वाटा हवा आधीच कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेली आहे. १६०० वर हा वाटा तिप्पट होतो.

दिवाळीनंतर सकाळी गारठा पडेल आणि खिडक्या बंद करा असा आग्रह सुरू होईल. तेव्हा रोशनदाने पूर्ण आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या वीतभर उघड्या ठेवा. आत उबदार, बाहेर गार असले की लहान फटीतूनही हवा जोराने खेळते. मुलांना गणवेशाखाली एक बनियन जास्त घालू द्या.

प्रश्न : हायपोक्लोराइट किती घालावे? पाण्याच्या टाकीचे काय? (एक शिक्षिका)

पुसण्यासाठी या जंतुनाशकाचे द्रावण १ टक्क्याचे हवे. बाटलीवर ५ टक्के असेल तर एक भाग द्रावण, चार भाग पाणी. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर लिटरला ३० ते ३३ ग्रॅम. रोज ताजे करा, उन्हात त्याचा जोर जातो. पुसल्यावर दहा मिनिटे राहू द्या. टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये हे कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघून जीव गुदमरतो. सेवकाला हे तोंडी सांगा, बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचली जात नाही.

टाकी मात्र आम्ही कोविडइतकीच महत्त्वाची मानतो. साचलेले पाणी काढून, घासून, १००० लिटरला सुमारे १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून काही तास ठेवा. सगळे नळ वाहू द्या, मग ते पाणी फेकून द्या. नंतर पिण्याच्या पाण्यासाठी १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर आणि अर्धा ते एक तास थांबणे.

प्रश्न : सहमती-पत्रावर सही केली म्हणजे पुढे काही झाले तर जबाबदारी आमचीच का? आणि व्हॅनचे, डब्याचे काय करावे? (दोन पालकांची पत्रे, वैशाली नगर आणि राजेंद्र नगर)

सहमती ही मुलाला शाळेत पाठवण्याची परवानगी आहे. खिडक्या उघडणे, मुलांवर लक्ष ठेवणे या कर्तव्यांतून शाळेची त्यामुळे सुटका होत नाही. ‘शाळेची कोणतीही जबाबदारी राहणार नाही’ अशी ओळ असेल तर ती खोडून सही करा आणि फोटो काढून ठेवा. प्राचार्यांना लेखी विचारा : माझ्या मुलाच्या वर्गात एका वेळी किती मुले, किती खिडक्या उघडतात, शिक्षकांपैकी कितींचे दोन्ही डोस झाले. उत्तर नाहीच आले तर जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज, किंवा मध्य प्रदेशच्या सीएम हेल्पलाइनवर, १८१ वर, तक्रार. अधिकाऱ्यांकडे असलेल्या तपासणी अहवालासाठी माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज चालतो, उत्तराची मुदत ३० दिवस.

डब्याची सुट्टी ही शाळेतली सगळ्यात धोक्याची वेळ, कारण सगळे मास्क एकदम उतरतात आणि सगळी तोंडे एकदम उघडतात. मैदानात किंवा व्हरांड्यात, दोन पाळ्यांत डबा खाऊ द्या. देवाण-घेवाण थोडे दिवस थांबवा. जेवून झाल्यावर कोरडा मास्क हवा, म्हणून दप्तरात दोन जादा ठेवा. मास्क मुलाच्या मापाचा, नाकाशी तार असलेला घ्या. चष्मा धुरकट होत असेल तर वरून हवा गळते आहे. सहा वर्षांच्या मुलाने मास्क सतत ओढला तर रागावू नका. ६ ते ११ वर्षांच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखालीच मास्क वापरावा, असे जून २०२१ मधल्या केंद्रीय सूचनेतही होते. व्हॅनमध्ये पुढची एक आणि मागची विरुद्ध बाजूची खिडकी उघडी हवी, आणि रोज त्याच जागी तेच मूल.

प्रश्न : घरात आजी आहे. मुलाला ताप आला तर लगेच टेस्ट करावी का? (एक आई, टिळक नगर)

ताप, खोकला, घसादुखी असेल तर त्याच दिवशी टेस्ट करा. वर्गातल्या मुलाला लागण झाली आणि तुमचे मूल ठणठणीत असेल तर घाई नको. २०२१ च्या नियमाप्रमाणे संपर्कानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान टेस्ट करायची होती, दुसऱ्याच दिवशी केली तर निगेटिव्ह येऊन खोटा धीर मिळतो. तोवर मूल घरी, आणि आजीचे जेवण-झोप वेगळ्या खोलीत. पावसाळ्यानंतरच्या तापात डेंग्यूही असतो, म्हणून डॉक्टरांकडून दोन्हींचा विचार करून घ्या आणि आयबुप्रोफेन आपल्या मनाने देऊ नका.

आजीचा लसीचा दुसरा डोस राहिला असेल तर तो मुदत झाली की लगेच घ्या (२०२१ च्या नियमाने ही मुदत पहिल्या डोसपासून कोविशील्डसाठी ८४ दिवस, कोव्हॅक्सिनसाठी २८ दिवस होती). पुरे संरक्षण दुसऱ्या डोसनंतर साधारण दोन आठवड्यांनी येते, तेवढे दिवस मूल शाळेतून आल्यावर कपडे बदलण्यापेक्षा आजीची खिडकी उघडी आहे ना, ते आधी बघा.

मुलाला कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांत तीन दिवस किंवा त्याहून अधिक ताप, सोबत अंगावर पुरळ, लाल डोळे, पोटदुखी किंवा उलट्या झाल्या, तर घरी वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांकडे त्याच दिवशी न्या आणि आधी कोविड झाला होता, किंवा घरात कोणाला झाला होता, हे पहिल्याच वाक्यात सांगा.