प्रभू आज रात्री आला तर मी मागे राहीन का?

ख्रिस्ती कुटुंबांमध्ये समुपदेशनाचे काम करताना वेगवेगळ्या वयांच्या माणसांकडून, पण जवळजवळ एकाच शब्दांत, एक प्रश्न माझ्यापुढे येतो: प्रभू येशू आज रात्रीच आला तर मी मागे तर राहणार नाही ना? येशू पुन्हा येईल आणि आपल्या लोकांना स्वतःजवळ नेईल, असा ख्रिस्ती विश्वास आहे; त्यांत आपण नसू, ही या प्रश्नामागची भीती. हा प्रश्न विचारणारी माणसे बहुधा विश्वासात थंडावलेली नसतात. नेमाने उपासनेला जाणारी, शास्त्र वाचणारी, लहानशी चूकही मनाला लावून घेणारी माणसेच तो विचारतात. ज्यांनी खरोखर पाठ फिरवली आहे त्यांना तो सहसा सुचतच नाही. येथे ज्या बहिणीविषयी लिहीत आहे त्यांची संमती मी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या तिशीतल्या, विवाहित, एका लहान मुलाची आई. पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा कित्येक महिने त्यांना धड झोप लागलेली नव्हती. रात्री अंथरुणावर पडले की त्या दिवसभरातील पापांची कबुली देत. मध्येच मन दुसरीकडे गेले तर प्रार्थना अपुरी राहिली असे वाटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत, कारण एखादे पाप सांगायचे राहिले आणि नेमक्या त्याच रात्री प्रभू आला तर काय, ही धास्ती. दिवसा मुलावर आवाज चढला की लगेच मनात येई, या क्षणी प्रभूच्या येण्याची तुतारी वाजली असती तर? पतीने फोन घेतला नाही तर छातीत धडधड सुरू होई आणि त्या आपल्या आईला फोन लावत. आई फार भक्तिमान. ती फोनवर बोलली म्हणजे प्रभूने आपल्या लोकांना अजून नेलेले नाही, असा त्यांचा हिशेब. हे सांगताना त्यांना लाज वाटत होती. मी त्यांना सांगितले की अगदी अशीच खात्री करून घेणारी इतर माणसेही मला भेटली आहेत.

“ताई, माझे तारण झाले आहे ना? एकदा तुम्ही सांगा,” असे त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले. तारण म्हणजे पापापासून आणि त्याच्या शिक्षेपासून सुटका. मी त्या प्रश्नाला थेट होकार दिला नाही, आणि त्याचे कारणही लगेच सांगितले. पतीने, आईने, पाळकसाहेबांनी तो होकार अनेक वेळा दिला होता. प्रत्येक वेळी थोडा वेळ बरे वाटे, मग “पण त्यांना माझे मन कुठे ठाऊक आहे?” अशी शंका येई आणि पुढचा दिलासा मागावा लागे. दिलासा मिळाला की भीती तेवढ्यापुरती उतरते, म्हणून मन दिलासा मागण्याची सवय लावून घेते, आणि त्या सवयीमुळे भीतीला दर वेळी नवे बळ मिळते. माझा होकार त्याच साखळीतला आणखी एक दुवा ठरला असता.

त्याऐवजी मी विचारले, “येणार आहे तो कोण, असे तुमच्या डोळ्यांसमोर येते?” बराच वेळ विचार करून त्यांनी उत्तर दिले की, जो मी चुकण्याचीच वाट पाहत आहे असा कोणीतरी. पुढच्या सगळ्या भेटींचा पाया या उत्तराने घातला. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात धनी परदेशी जाताना आपले द्रव्य दासांवर सोपवून जातो. त्यातला तिसरा दास ते जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी परतल्यावर सांगतो की, तू कठोर माणूस आहेस हे जाणून मी भ्यालो. त्याने द्रव्य उधळले नव्हते, चोरलेही नव्हते. धन्याविषयीच्या त्याच्या कल्पनेने त्याला बांधून टाकले होते. आम्ही हा दृष्टांत सावकाश वाचला, आणि त्या बहिणीने स्वतःच म्हटले की, मीही माझे दिवस पुरून ठेवते आहे. त्यांना पुढे शिकायचे होते, ते त्यांनी “आता कशाला” म्हणून सोडले होते. मुलाबरोबर खेळताना तो वेळ प्रार्थनेतून चोरल्यासारखा वाटत होता.

मग आम्ही त्याच अध्यायातील, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींच्या दृष्टांताकडे गेलो. त्या दृष्टांताचा त्यांना सर्वांत मोठा धाक होता. दिव्यांसाठी जादा तेल न घेतलेल्या पाच जणी दार बंद झाल्यावर बाहेर राहिल्या, एवढेच त्यांच्या मनावर कोरले गेले होते. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना डुलकी लागली आणि दहाही झोपल्या, हे वाक्य त्यांनी अनेकदा ऐकले असणार, पण ते त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. शहाण्या पाच जणीही झोपल्या होत्या आणि त्याबद्दल त्यांना कोणी दोष दिला नाही. तेलाचा अर्थ कोणी पवित्र आत्मा करतात, कोणी विश्वास, कोणी सत्कर्मे. त्या वादात मी शिरले नाही. मला एवढेच दाखवायचे होते की या दृष्टांतात तयारी म्हणजे एकही क्षण डोळा न लागणे नव्हे. जिच्याजवळ तेल आहे ती झोपू शकते आणि हाक आली की उठू शकते. रात्रभर डोळे ताणून कबुली देणारी व्यक्ती फार जागरूक दिसते, पण तिचा भरवसा वराच्या प्रेमावर नसून स्वतःच्या जागे राहण्यावर असतो, आणि माणसाचे जागे राहणे कधी ना कधी तुटतेच.

सर्वांत अधिक वेळ आम्ही थेस्सलनीका या शहरातील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रावर घालवला. प्रेषित पौलाने हे पत्र साधारणपणे इसवी सन 50 च्या सुमारास लिहिले, म्हणजे नव्या करारातील अगदी आरंभीच्या लिखाणांत ते मोडते. तुतारीचा नाद आणि मेघांत घेतले जाणे या चौथ्या अध्यायातील शब्दांनीच या बहिणीची झोप उडवली होती. पण ते शब्द कोणत्या काळजीला उत्तर म्हणून आले, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. त्या मंडळीतील काही माणसे मरण पावली होती, आणि प्रभू येईल तेव्हा आपली ही माणसे त्या आनंदाला मुकतील की काय, या दुःखात बाकीचे होते. “कोणी मागे राहील का?” हाच त्यांचाही प्रश्न होता. पौलाचे उत्तर येशूच्या मरणाला आणि पुनरुत्थानाला धरून आहे: जे त्याचे आहेत ते मेलेले असोत वा जिवंत, ते सर्व त्याच्याबरोबर असतील. आणि भाग संपतो तो 18व्या वचनात, या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा, या सांगण्याने. पुढच्या अध्यायात प्रभूचा दिवस रात्री येणाऱ्या चोरासारखा येईल असे म्हटले आहे खरे, पण लगेच चौथ्या वचनात पौल विश्वासणाऱ्यांना सांगतो की, तुम्ही अंधारात नाही, म्हणून तो दिवस चोरासारखा तुम्हांला गाठणार नाही. सांत्वनासाठी लिहिलेला मजकूर धमकी म्हणून ऐकला जातो तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, आणि उपदेशपीठावरून बोलणाऱ्यांनी 17व्या वचनावर थांबू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रभूचे येणे नेमके कोणत्या क्रमाने घडेल याविषयी मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. शेवटच्या काळातील मोठ्या छळाच्या, म्हणजे महासंकटाच्या आधी विश्वासणाऱ्यांना उचलून घेतले जाईल, ही शिकवण 19व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांच्यापासून विशेष पसरली. अनेक जुन्या मंडळ्या मात्र एकाच प्रकट आगमनाची वाट पाहतात. तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करण्यासाठी गौरवाने पुन्हा येईल, हे निकीयाच्या विश्वासांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या प्राचीन जाहीरनाम्यात, सांगितलेले दोघेही मानतात. तेवढ्या भूमीवर उभे राहून समुपदेशन करता येते.

त्या दिवसांत या बहीण रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर शेवटच्या काळाच्या चिन्हांचे व्हिडिओ पाहत असत. प्रत्येक युद्ध, प्रत्येक भूकंप मोजला जात होता. प्रभूने मत्तयाच्या 24व्या अध्यायात लढायांचा उल्लेख करून, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, असे म्हटले आहे, आणि 36व्या वचनात तो दिवस व ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही असे स्पष्ट सांगितले आहे. तरीही अमेरिकन उपदेशक विल्यम मिलर यांचे अनुयायी प्रभूच्या येण्यासाठी 22 ऑक्टोबर 1844 या दिवसाची वाट पाहत बसले आणि हताश झाले. अमेरिकेतील रेडिओ उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी 21 मे 2011 ही तारीख जाहीर केली आणि पुढच्या वर्षी, अशी तारीख सांगणे हे पाप होते, अशी कबुली दिली. व्हिडिओ पूर्ण बंद करण्याचे आम्ही ठरवले. ही एकच गोष्ट त्यांना फारशी जड गेली नाही.

खरी कसोटी पवित्र आत्म्याने होणारी पापाची जाणीव आणि चिंतेतून येणारे दोषीपण यांत फरक ओळखण्याची होती. माझ्या अनुभवात पहिली नेमकी असते: अमुक माणसाशी तू अमुक वागलास, जा आणि नीट कर. ती पाळली की संपते. दुसरे धूसर असते, कितीही कबुली दिली तरी तृप्त होत नाही, आणि माणसाला दुसऱ्या कोणाकडे न नेता स्वतःभोवतीच फिरवत ठेवते. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, सातव्या अध्यायात, पश्चात्तापाकडे नेणारे दुःख आणि मरणाकडे नेणारे दुःख असा भेद पौलाने केला आहे तो येथे फार उपयोगी पडतो. या बहिणीच्या शेकडो धूसर दोषांत एक नेमका होता. नणंदेविषयी त्यांनी नातेवाइकांत खोटे सांगितले होते आणि ते कधीच मागे घेतले नव्हते. त्याची कबुली त्यांनी देवापुढे असंख्य वेळा दिली होती, नणंदेपुढे एकदाही नाही. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले वचन मी त्यांच्यापुढे ठेवले. त्या गेल्या, बोलल्या, ज्या नातेवाइकांना सांगितले होते त्यांच्यापुढेही खरे सांगितले. नणंदेने लगेच जवळ घेतले नाही. ते नाते अजूनही हळूहळू सावरत आहे. आणि तेवढ्याने भीती गेली असेही झाले नाही, कारण भीतीचे मूळ वेगळे होते.

त्यासाठी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांना तपासणीत ओसीडीचे, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यांपायी पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या कृती यांच्या मानसिक आजाराचे, निदान झाले. या आजारात काहींच्या मनात जंतूंविषयी, तर काहींच्या मनात पाप आणि न्यायनिवाडा यांविषयी विचार अडकून राहतात. घरच्यांना हे पटवणे कठीण गेले, औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे असे त्यांना वाटत होते. मठात असताना धर्मसुधारक मार्टिन लूथर तासन्‌तास पापांगीकार करत आणि तरीही त्यांना शांती मिळत नसे, हे मी त्यांना सांगितले. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनाही अशाच शंकांनी जीव देण्याच्या विचारापर्यंत छळले होते. देवाची माणसे या वाटेने गेली आहेत, हे ऐकून त्यांच्या आईचा विरोध मावळला.

औषधांबरोबरच आम्ही काही शिस्त ठरवली. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, कबुलीची छोटी प्रार्थना. मन भरकटले तरी ती पुन्हा करायची नाही. पतीने फोन घेतला नाही तर आईला फोन करायचा नाही, भीती चढू द्यायची आणि ती आपोआप उतरेपर्यंत हातातले काम करत राहायचे. “माझे तारण झाले आहे ना?” असे विचारल्यास घरच्यांनी उत्तर देण्याऐवजी प्रेमाने म्हणायचे, “हा प्रश्न आज आपण अनुत्तरित ठेवू.” सुरुवातीचे आठवडे फार कठीण होते. देवाशी बेइमानी करत आहोत असे त्यांना वाटे, आणि पाळकसाहेबांनी त्यांच्याबरोबर बसून प्रार्थना केली नसती तर त्यांनी हे मध्येच सोडले असते.

असे बोलल्याने माणसे ढिली पडतील, अशी शंका काही वडीलधारे घेतात. तिला आधार आहे. धनी उशीर लावतो असे मनात म्हणून सोबतच्या दासांना मारहाण करणारा आणि दारुड्यांच्या संगतीला लागणारा दास प्रभूनेच आपल्यापुढे ठेवला आहे, आणि असा कोणी माझ्याकडे आला तर मी त्याला ही सगळी शांततेची वचने वाचून दाखवणार नाही. पण त्याच ठिकाणी, मत्तय 24 मध्ये, धन्य म्हटलेला दास कोण आहे? घरच्यांना वेळच्या वेळी अन्न देणारा. धनी येतो तेव्हा तो त्या कामात असतो. या बहिणीला मी विचारले की, प्रभू आला आणि तुम्ही मुलाला जेवू घालत असलात तर? आजवर त्या मुलाला तयारीच्या आड येणारा समजत होत्या. लूकाच्या 21व्या अध्यायात अंतःकरण जड करणाऱ्या गोष्टींत प्रभूने दारूबाजीच्या शेजारी संसाराच्या चिंताही मोजल्या आहेत. चिंता म्हणजे जागरूकता नव्हे, हे त्यांना त्या वचनाने पटले. योहानाच्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, न्यायाच्या दिवसासाठी धैर्य असण्याविषयी लिहिताना पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते असे म्हटले आहे. ही घालवून देण्याची क्रिया त्यांच्या बाबतीत एका रात्रीत झाली नाही.

आता त्या बहुतेक रात्री झोपतात. सोडलेला अभ्यासक्रम त्यांनी पुन्हा सुरू केला आहे. भीती अधूनमधून येते, विशेषतः एखाद्या मृत्यूनंतर किंवा जागरणानंतर, आणि अशा वेळी त्या ठरलेल्या शिस्तीकडे परत जातात. प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायातील “ये, प्रभू येशू” ही प्रार्थना त्यांच्या ओठांवर पूर्वी येत नसे, कारण तो येऊ नये अशीच त्यांची इच्छा होती. अलीकडे उपासनेत त्या ती मंडळीबरोबर म्हणतात.

तुमच्या घरात कोणी असा प्रश्न वारंवार विचारत असेल, तर आणखी एकदा हमी देण्याआधी त्याची झोप, जेवण, कामातील लक्ष आणि पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या प्रार्थना किंवा तपासण्या यांकडे नीट पाहा. ते बिघडले असेल तर पाळकांबरोबरच डॉक्टरांनाही भेटा, आणि जगणे नकोसे झाल्याचे शब्द निघत असतील तर त्याच दिवशी भेटा. एखादी नेमकी चूक समोर असेल तर ती सुधारायला त्याच्याबरोबर जा. आणि थेस्सलनीकाकरांना लिहिलेला तो चौथा अध्याय त्याच्याबरोबर बसून 18व्या वचनापर्यंत वाचा.